गेज तपासलंस का?

१९९३ च्या पावसाळ्यात आमच्या शेडमधले सहाशे बुश एका दिवसात भंगारात गेले. मी नववीत होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आप्पांची पत्र्याची शेड होती. आत दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथंच जायचे. चारच्या सुमाराला आई चहा घेऊन यायची, आणि मी कूलंटच्या वासात बसून गृहपाठ करायचे. त्या दिवशी गेले तर दोन्ही लेथ बंद. आप्पा स्टुलावर, पुढ्यात पोती, पोत्यांत परत आलेला माल.

बुश म्हणजे यंत्रात बसणारी धातूची आखूड नळी. तिचं भोक, म्हणजे बोअर, वीस मायक्रॉननं मोठं झालं होतं. वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा चौथा-पाचवा हिस्सा. बोअर लहान राहिलं असतं तर परत लेथवर चढवून वाढवता आलं असतं. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. आणि आप्पांनी त्यातला एकूण एक बुश मोजलेला होता. हातातलं भोक मोजायचं उपकरण, डायल बोअर गेज, चांगलं होतं. पण हे गेज रोज सकाळी एका सेटिंग रिंगेत, म्हणजे ठरावीक मापाच्या कड्यात, घालून शून्यावर आणावं लागतं, आणि ती रिंगच वर्षानुवर्षं वापरून आतून झिजली होती. त्यामुळं दर वेळी काटा शून्यावर यायचा आणि दर वेळी ते शून्य खोटं असायचं.

दुसऱ्या दिवशी आप्पा लाल पाठीची जाड वही घेऊन आले. पट्टी घेऊन रकाने आखले: तारीख, काय तपासलं, कशावर, शेरा, सही. त्या दिवसापासून लेथ सुरू करायच्या आधी गेज तपासायचं आणि वहीत नोंद करायची, हा शेडचा नेम झाला. आणि एक प्रश्न आमच्या घरात कायमचा राहायला आला. वीजबिल जास्त आलं, माझे गणितात मार्क कमी पडले, आईच्या आमटीत मीठ पुढं झालं, काहीही असो, आप्पा आधी विचारायचे, "गेज तपासलंस का?"

त्याच वर्षी डिसेंबरात पेपरात बातमी आली की अंतराळवीर हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला वर गेलेत. दुर्बीण २४ एप्रिल १९९० ला सोडली होती, पण तिच्या प्रतिमा धूसर येत होत्या. मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. आप्पांनी हात पुसत विचारलं, "एवढा मोठा आरसा चुकला कसा?" मला सांगता आलं नाही. पेपरातही नव्हतं.

उत्तर मिळायला सहा वर्षं गेली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी ग्रंथालयात मला त्या चौकशीबद्दलचा लेख सापडला, आणि तो वाचताना मी उद्यमनगरातल्या शेडमध्येच बसले आहे असं वाटत राहिलं. हबलचा आरसा २.४ मीटर व्यासाचा. त्याला इतकं अचूक पॉलिश केलं होतं की तोवर तसा गुळगुळीत मोठा आरसा क्वचितच कुणी केला असेल. फक्त त्याचा आकार चुकला. कडेला तो साधारण २.२ मायक्रॉननं जास्त सपाट झाला होता. आप्पांच्या चुकीच्या नवव्या भागाएवढा. आणि तो चुकला, कारण घडवताना आकार तपासायला वापरलेलं उपकरण जोडताना त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलं होतं. भिंग जागेवर बसेना म्हणून जोडणाऱ्यांनी मध्ये वॉशर घातले. दुसऱ्या एका तपासणीत आरशात दोष दिसत होता. पण ते दुसरं उपकरण कमी अचूक मानलं जायचं, म्हणून त्याचं ऐकलं गेलं नाही.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आप्पांनी वॉशर हा शब्द दोनदा माझ्याकडून वदवून घेतला. मग खूप वेळ गप्प बसले. म्हणाले, "दुसरं गेज वेगळं सांगत असलं तर काम थांबवायचं असतंय."

पुढं आकाशाबद्दल जे जे वाचलं, पाहिलं, त्याच्या तळाशी मला हेच वाक्य सापडत गेलं. दुर्बीण मोठी झाली की लांबचं दिसतं, हे खरंच. पण तिचं मोठं काम निराळं आहे असं मी मानते. आजवर जे शून्य धरून आपण विश्व मोजत आलो, ते शून्य खरं आहे का, हे ती तपासते.

दुर्बिणीचा आरसा मी स्वतः घासला तो २०१८ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तोवर लेथ विकून भावानं शिरोलीत संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घेतलं होतं आणि शेड रिकामी होती. काचेच्या सहा इंची दोन जाड चकत्या आणल्या. एक चकती तेलाच्या रिकाम्या बॅरलवर पक्की बसवायची, वर कार्बोरंडमची पूड आणि पाणी, त्यावर दुसरी चकती ठेवून पुढं-मागं घासायची. चार-सहा हात मारले की वरची चकती जरा फिरवायची आणि आपण बॅरलभोवती एक पाऊल सरकायचं. एवढंच. वरची काच आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. हे पहिल्यांदा कुणी शोधलं असेल त्याच्या हातांना मी मनातल्या मनात पुष्कळदा नमस्कार केला आहे. ऐंशी नंबरच्या पुडीला खरखरीत, दात आंबवणारा आवाज येतो. एकशे वीस, दोनशे वीस, चारशे करत जसं बारीक पुडीकडं जावं तसा तो आवाज मऊ होत जातो, शेवटी नुसती पावसाची भुरभुर. दोन नंबरांच्या मध्ये बॅरल, हात, नखं, फरशी, सगळं धुऊन काढायचं. आधीच्या पुडीचा एक कण राहिला तर काचेवर ओरखडा, आणि ओरखडा पडला की मागच्या नंबरावर परत. मी दोनदा मागं गेले.

एवढं करून आरसा मध्यभागी किती खोल झाला? जेमतेम १.२ मिलिमीटर. त्यानंतर डांबराच्या थरावर सीरियम ऑक्साइडनं पॉलिश, आणि मग खरी परीक्षा. घासून तयार होतो तो गोलाचा तुकडा. दुर्बिणीला लागतो पॅराबोला. माझ्या आरशात त्या दोन आकारांतला फरक मायक्रॉनच्या एक तृतीयांशाहून कमी होता. हाताला तो कळत नाही, मायक्रोमीटरला कळत नाही. तो पकडायची युक्ती फूको या फ्रेंच माणसानं १८५८ मध्ये काढली. अंधारात आरशासमोर बारीक दिवा ठेवायचा, परत येणारा प्रकाश जिथं एका बिंदूत जमतो तिथं ब्लेडची धार हळूच आडवी आणायची आणि मागून आरशाकडं बघायचं. आरशावर सावल्या उमटतात, आणि सपाट वाटणारी काच डोंगर-दऱ्यांची दिसायला लागते.

त्या रात्री मी आप्पांना शेडमध्ये बोलावलं. एक डोळा मिटून त्यांनी बघितलं. मी जाऊन आरशावर अंगठा टेकवला, पाच-सात सेकंद, आणि काढला. "आता बघा." अंगठ्याच्या उबेनं तिथली काच फुगली होती आणि ब्लेडमागून तो फुगवटा टेकडीसारखा उभा दिसत होता. काच थंड होईल तशी टेकडी हळूहळू बसत गेली. आप्पा ती पूर्ण सपाट होईपर्यंत हलले नाहीत. चाळीस वर्षं ज्यांनी मायक्रॉनशी झुंज घेतली, त्यांना पहिल्यांदा मायक्रॉनच्या अंशाचा अंश डोळ्यांनी दिसत होता. "ही वस्तू आमच्या वेळी पाहिजे होती," एवढंच ते म्हणाले.

पॉलिशच्या दिवसांत हात सुटायचा नाही, तेव्हा आई भाकरीचा घास करून माझ्या तोंडात घालायची. विल्यम हर्शेल आरसा पॉलिश करताना सोळा-सोळा तास हात उचलत नसे आणि त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत असे, हे मी वाचलं होतं. तो पेशानं संगीतकार. इंग्लंडमधल्या बाथ गावात घरामागच्या बागेतून, स्वतः घडवलेल्या साधारण सहा इंचांच्या आरशातून, १३ मार्च १७८१ ला त्याला युरेनस दिसला. माणसाला आठवतं तेव्हापासून शनी हीच ग्रहांची वेस होती. आपल्या अंबाबाईच्या देवळातल्या नवग्रहांतही त्यापलीकडं कुणी नाही. ती वेस घरी घासलेल्या एका आरशानं ओलांडली.

माझ्या आरशानं पहिल्यांदा अंधार बघितला तो मसाई पठारावर. पन्हाळ्याच्या मागं दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की तिथं आकाश खाली उतरल्यासारखं वाटतं. पूर्वेला कोल्हापूरचा पिवळा उजेड आता फार वर चढतो, पण डोक्यावर अजून काळोख आहे. देवयानी तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना एक पुसट डाग दिसतो, पाण्याच्या थेंबानं शाई विरघळावी तसा. दुर्बिणीतून तो लांबट होतो, मध्ये उजळ. हीच देवयानी दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा समूह. तिचा जो प्रकाश त्या रात्री माझ्या डोळ्यात आला तो निघाला तेव्हा माणूस नावाचं काही अजून धड घडलेलं नव्हतं: २५ लाख वर्षांपूर्वी.

हा आकडा मी सहज लिहिला, पण तो मिळवताना माणसाचं गेज किती वेळा चुकलं याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ या डागाबद्दल भांडत होते. तो आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग आहे की तिच्याबाहेरची स्वतंत्र दीर्घिका? १९२० मध्ये यावर वॉशिंग्टनला जाहीर वादविवाद झाला आणि काही निकाल लागला नाही, कारण अंतर मोजायची पट्टीच नव्हती. पट्टी खरं तर तयार होती. हार्वर्डमध्ये फोटोच्या काचा तपासायचं काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं की सेफीड जातीचे रूपविकारी तारे जितक्या सावकाश उजळतात-मावळतात तितके ते मूळचे तेजस्वी असतात. मूळचं तेज कळलं आणि दिसतं किती मंद ते मोजलं, की अंतर निघतं. कंदील केवढा आहे ते माहीत असेल तर तो किती लांब आहे हे सांगता येतं, तसं. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर एडविन हबल यांना देवयानीत असा एक तारा सापडला. फोटोच्या काचेवर आधी केलेली खूण खोडून त्यांनी शाईनं 'व्हार' असं लिहिलं, पुढं उद्गारचिन्ह. रूपविकारी! अंतर निघालं नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास. तो डाग आकाशगंगेच्या पार बाहेर होता. एका काचेवरच्या तीन अक्षरांनी आपली आकाशगंगा 'सगळं विश्व' होती ती अनेकांतली एक झाली.

पण नऊ लाख कुठं आणि पंचवीस लाख कुठं?

रिंग झिजलेली होती. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात आणि दोघांचं मूळ तेज वेगवेगळं असतं, हे हबलना माहीत नव्हतं. ते उलगडलं वाल्टर बाडे यांना. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसवर काळोख पाळला जायचा, तेव्हा त्याच १०० इंची दुर्बिणीतून देवयानीच्या गाभ्यातले एकेक तारे त्यांना सुटे दिसले, आणि दोन पिढ्यांचे तारे वेगळे आहेत हे लक्षात आलं. पुढं पालोमारची २०० इंची दुर्बीण आली आणि १९५२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की दीर्घिकांची अंतरं दुप्पट धरावी लागतील. एका बैठकीत विश्व दुपटीनं वाढलं, आणि विश्वात काहीही हललं नव्हतं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आपल्या गावाचा धागा इथंच येतो. हबलनी १९२९ मध्ये दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत हे दाखवलं, पण चुकीच्या पट्टीमुळं विश्वाचं वय निघालं जेमतेम दोनशे कोटी वर्षं. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने. आई लेकीपेक्षा लहान! या अडचणीतून सुटायचा एक मार्ग म्हणून १९४८ मध्ये फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचं विश्व मांडलं: विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि मोकळ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. पुढं केंब्रिजमध्ये हॉइलच्या बरोबरीनं ही बाजू लढवणारा तरुण कोल्हापुरात जन्मला होता, १९ जुलै १९३८ ला. जयंत नारळीकर.

मग १९६४-६५ मध्ये न्यू जर्सीत पेंझियास आणि विल्सन यांच्या कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येऊ लागली. कुठल्याही दिशेला वळवा, दिवस असो रात्र असो, तीच. त्यांनी जोड तपासले, तारा तपासल्या, अँटेनात घर केलेली कबुतरं हाकलली, त्यांची विष्ठा घासून काढली. आधी गेज तपासलं. खरखर गेली नाही, तेव्हा कुठं मान्य करावं लागलं की ती बाहेरची आहे: निरपेक्ष शून्याच्या वर फक्त तीनेक अंशांची, सगळ्या आकाशात भरून राहिलेली ऊब, विश्वाच्या तापलेल्या बाल्यातली. बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर स्थितीचं विश्व तिथं सोडून दिलं.

नारळीकरांनी सोडलं नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी त्याचं बदललेलं रूप पुन्हा मांडलं. मला विचाराल तर निरीक्षणं त्यांच्या बाजूची नव्हती, आणि विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला, याच बाजूचं पारडं वेळोवेळी आलेल्या दुर्बिणींनी जड केलं. तरीही २० मे २०२५ ला ते गेल्याचं कळलं तेव्हा मला आप्पांचं ते वाक्य आठवलं. सगळे एकाच गेजवर विसंबलेले असताना एखाद्यानं दुसरं गेज घेऊन उभं राहावं लागतं. महास्फोटवाल्यांना आपला एकेक पुरावा घासून पुसून तपासावा लागला, त्यात अशा शंकेखोरांचा मोठा वाटा आहे. शिवाय त्यांनी हे सगळं मराठीत सांगितलं. माझ्यासारख्या उद्यमनगरातल्या पोरीला 'दीर्घिका' हा शब्द आपला वाटतो, तो अशाच लिखाणामुळं.

कोल्हापुरात भिंगाशिवाय आकाश मोजायची एक सोय शतकांपासून आहे. अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरा ओलांडत गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. तारखा नीट बघा. बावीस डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिण टोकाला असतो. नोव्हेंबरातला सोहळा त्याच्या सुमारे एक्केचाळीस दिवस आधी, फेब्रुवारीतला तेवढ्याच दिवसांनी नंतर. जाताना आणि परतताना सूर्य एकाच जागेवरून मावळतो आणि दगडी देऊळ दोन्ही वेळा त्याला पकडतं. ज्यांनी ही रेघ आखली त्यांनी वर्षानुवर्षं क्षितिज बघितलं असणार.

पण काही वर्षी किरणं गुडघ्याशीच थांबतात. क्षितिजावर ढग, हवेत बाष्प, धूळ, वाटेत उभी राहिलेली बांधकामं. गर्दीतून हळहळ उठते. मी तिथं उभी असते आणि मला वाटतं, याच बाष्पानं आणि धुळीनं दुर्बिणींना डोंगरावर चढवलं. लडाखात हानले इथं साडेचार हजार मीटर उंचीवर आपली दोन मीटरची दुर्बीण आहे ती त्यासाठी. आणि जो प्रकाश बाष्प वाटेतच गिळून टाकतं, तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बघायचा तर हवेच्या पार बाहेर जावं लागतं. विश्व प्रसरण पावतं तसा फार जुन्या दीर्घिकांचा प्रकाशही ताणला जातो आणि अवरक्त होऊन पोचतो. म्हणून जेम्स वेब दुर्बीण.

२५ डिसेंबर २०२१ ला ती गेली. साडेसहा मीटरचा आरसा, बेरिलियमचे अठरा षट्कोन, वर सोन्याचा पातळ मुलामा. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर असते. हबलसारखं कुणाला दुरुस्तीला पाठवता येणार नाही. म्हणून २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या एका प्रचंड निर्वात कोठीत, अंतराळासारख्या थंडीत, तिची सुमारे शंभर दिवस तपासणी चालली. बाहेर हार्वे चक्रीवादळानं शहर बुडालं होतं आणि आत तपासणी चालूच होती. हे सांगितल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. त्यांच्या लेखी दुर्बिणीच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा पराक्रम तोच आहे.

वेबनं काय केलं? महास्फोटानंतर तीस कोटी वर्षंही झालेली नसताना दीर्घिका उभ्या होत्या आणि अपेक्षेपेक्षा बऱ्याच तेजस्वी होत्या, हे दाखवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांना तिच्या प्रतिमांत विश्वाच्या दीडशे कोटी वर्षं वयाची एक दीर्घिका सापडली, रेखीव सर्पिल हात असलेली. इतक्या लवकर असा नीटस आकार घडेल असं समजलं जात नव्हतं. त्यांनी तिचं नाव अलकनंदा ठेवलं, मंदाकिनीची, म्हणजे आपल्या आकाशगंगेची, बहीण म्हणून. किती सुंदर नाव.

आणि एक भांडण अजून मिटलेलं नाही, जे मला सगळ्यात जवळचं वाटतं. विश्व किती वेगानं पसरतंय? सेफीड आणि स्फोट पावणारे तारे यांच्या पट्टीनं मोजलं तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला साधारण ७३ किलोमीटर. त्या तीन अंशांच्या उबेवरून गणित केलं तर ६७. हबल दुर्बिणीनं मोजलेले सेफीड वेबनं पुन्हा मोजले. मापन पक्कं निघालं. दुसऱ्या ताऱ्यांवरून मोजणाऱ्या काहींना मधला आकडा मिळतो. म्हणजे एक तर कुठल्या तरी रिंगेत अजून न दिसलेली झीज आहे, किंवा दोन्ही गेज खरी आहेत आणि विश्वातच काहीतरी आहे जे आपल्याला ठाऊक नाही. कोणता पर्याय खरा निघेल, हे बघायला मला जगायचं आहे.

नारायणगावजवळ खोडदला, तिथली रेडिओ दुर्बीण बघायला, एकदा आप्पांना घेऊन गेले होते. शेतांमधून ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तबकड्यांचे पृष्ठभाग भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांच्या जाळीचे केले. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला जाळीची छिद्रं दिसतच नाहीत. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. आप्पा कुंपणापाशी उभे राहून बराच वेळ सांध्यांकडं बघत होते. "जेवढी अचूकता पाहिजे तेवढीच केलीय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

२१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले होते की दुर्बिणीत एकाच वेळी दोघं दिसले. रंकाळ्याच्या काठावर दुर्बीण लावली होती. मास्क लावलेली माणसं अंतर ठेवून रांगेत. आप्पांनी शनीचं कडं तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि घरी येऊन लाल पाठीची वही काढली. शेड बंद झाल्यापासून ती कोरी पडली होती. 'शनी. कडं स्पष्ट. सुटं.' खाली सही.

२०२५ च्या नोव्हेंबरात, २३ तारखेला, गच्चीवर पुन्हा शनी लावला. किरणोत्सव होऊन दोन आठवडे झाले होते, हवेत गुऱ्हाळाचा वास होता. आईनं आधी पदर सावरला. "शनीला असं डोळ्यात डोळं घालून बघू नये," ती म्हणाली आणि कठड्यापाशी जाऊन बसली. आप्पा वाकले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे आता लवकर वाकत नाहीत.

"कडं कुठाय?"

"आहे की. रेघ दिसते का बघा, आडवी."

"एक रेघ दिसालीया. लिंबातनं सुई घातल्यागत." बराच वेळ गेला. "ते कडं मोडलं का काय?"

मी त्यांना गॅलिलिओचं सांगितलं. १६१० मध्ये त्याला त्याच्या छोट्या दुर्बिणीतून शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले. त्याला वाटलं ग्रहच तीन आहेत. दोन वर्षांनी बघितलं तर बाजूचे गोळे गायब. तो चक्रावला, शनीनं आपली पोरं गिळली की काय असं त्यानं लिहिलं. कडं आहे आणि दर पंधरा-एक वर्षांनी ते आपल्याकडं धार करून उभं राहतं, म्हणून दिसेनासं होतं, हे ह्युगेन्सनं पुढं चांगल्या दुर्बिणीनं उलगडलं, तोवर १६५९ उजाडलं. गॅलिलिओ तेव्हा जिवंत नव्हता.

"म्हणजे त्यानं बघितलं ते बरोबरच होतं," आप्पा म्हणाले.

"हो. बघितलं बरोबर."

"परत कधी उघडंल?"

"पुढच्या वर्षापासून थोडं थोडं. पूर्ण २०३२ ला."

त्यांनी आकडेमोड केली असणार, कारण क्षणभर ते आकाशाकडं न बघता आपल्या हातांकडं बघत राहिले. मग मला वही आणायला सांगितली. मोबाइलच्या उजेडात, गुडघ्यावर ठेवून, सावकाश लिहिलं: तारीख. शनी. सहा इंची आरसा. कडं रेघेएवढं. शेऱ्याच्या रकान्यात पेन जरा थांबलं, मग उतरलं: 'उघडल्यावर परत तपासणे.' सही केली.

तोवर आई उठून दुर्बिणीपाशी आली होती. डोळा लावून उभीच होती, एक हात नळीवर, दुसरा पदरावर. कितीतरी वेळानं मान वर न करता म्हणाली, "माझं बी नाव लिहा त्यात. मी पण बघितलो."

आप्पांनी वही परत उघडली.